रीडिंग लॉगवर रोज खोटी सही करतेय, शाळा बदलू का?

पत्र थोडक्यात असं आहे. मुलुंडला राहणारी एक आई, फोर्टला बँकेत नोकरी, सकाळी सव्वाआठची लोकल आणि घरी यायला साडेसात. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, घराजवळच्या छोट्या खाजगी इंग्लिश मीडियम शाळेत. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, वर्गात चोवीस मुलं. यावर्षी शाळेने रीडिंग प्रोग्रॅम सुरू केलाय, रंगांच्या लेव्हल्स आहेत, रोज घरी वीस मिनिटं वाचायचं, पालकांनी लॉगवर सही करायची आणि वर्गात भिंतीवर स्टारचा चार्ट. मुलगी यलोमध्ये अडकलीये, मैत्रिणी ग्रीनला पोचल्या. ती आता पानं नुसती उलटते आणि आई सही करून टाकते. टीचरने एक्स्ट्रा रीडिंग क्लास सुचवलाय. शिवाय शाळा सुटल्यावर रोबोटिक्स, अबॅकस, ड्रामा, चेस असं अ‍ॅक्टिव्हिटींचं बास्केट आलंय, तीन घेतल्या तर वर्षाचे अठरा हजार, फॉर्म महिनाअखेरीपर्यंत द्यायचा. नवरा म्हणतो त्यापेक्षा मोठ्या शाळेत घालू जिथे हे सगळं मुळातच असतं. सासूबाई म्हणतात हे सगळे पैसे काढायचे धंदे आहेत. आणि मध्येच एका ओळीत लिहिलंय की मुलगी दुपारी आजोबांबरोबर किशोर मासिकाचे जुने अंक मात्र तासतासभर वाचते, "पण ते मराठी आहे, शाळेत मोजत नाहीत". आई स्वतः मराठी मीडियमची. विचारते, क्लास लावू का, अ‍ॅक्टिव्हिटी कुठल्या घेऊ, का शाळाच बदलू?

ताई, आधी त्या सहीबद्दल बोलूया, कारण पत्रभर तुम्ही फीबद्दल आणि शाळेबद्दल लिहिलंय पण मला वाटतं आतून सगळ्यात जास्त तीच खातेय तुम्हाला. रात्री साडेनऊ वाजलेत, पोरगी पेंगतेय, उद्याच्या डब्याची भाजी निवडायचीये आणि समोर ती वही, अशा वेळी सही करून मोकळ्या होणाऱ्या आया या शहरात घरोघरी आहेत, त्यामुळे स्वतःला वाईट आई वगैरे म्हणणं आधी बंद करा. पण ती सही मात्र उद्यापासून करू नका. कारण बघा, टीचरच्या समोर काय आहे? रोज वीस मिनिटं वाचल्याची तीन महिन्यांची वही. त्यांना वाटणारच ना की एवढं वाचून पण ही मुलगी पुढे सरकत नाही म्हणजे हिला काहीतरी अडचण आहे, एक्स्ट्रा क्लास लागेल. म्हणजे ज्या क्लासच्या सल्ल्याने तुमची झोप उडालीये तो सल्लाच मुळात त्या सह्यांवर उभा आहे. तुमची मुलगी रोज वीस मिनिटं इंग्लिश वाचून मागे पडलेली नाहीये, ती वाचतच नाहीये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हीचे उपाय वेगळे आहेत.

तर वहीत खरं लिहा, मुलीच्या समोर बसून लिहा. "आज नाही वाचलं, झोप आली." "आज आजोबांबरोबर मराठी वाचलं, अर्धा तास, किशोर." "पुस्तक आवडलं नाही, चार पानांवर सोडलं." मुलीला एवढंच सांगायचं की आपण दोघी थोडी गडबड करत होतो, आता जे असेल ते लिहू, त्यासाठी तुला कोणी रागावणार नाही. आणि टीचरला दोन मिनिटं भेटून किंवा वहीतच चिठ्ठी ठेवून सांगा की आधीच्या नोंदी बरोबर नाहीत, आमच्याकडे रोज वाचन होत नव्हतं. हे सांगताना लाज वाटेल हे मला कळतंय. पण चोवीस मुलांच्या वर्गातली टीचर हे ऐकून घेण्याची शक्यता बरीच आहे, आणि बाकी काही पालकही असंच करत असणार हे त्यांनाही कुठेतरी माहीत असतं.

आता ही लेव्हल. मी शाळेच्या लायब्ररीत काम केलंय त्यामुळे यावर जरा ठासून बोलते. लेव्हल हा चपलेचा नंबर आहे, बसतील अशी पुस्तकं पटकन सापडावीत म्हणून. कपाटासमोर उभ्या राहिलेल्या मुलाला दोनशे पुस्तकांतून कुठलं घेऊ हे कळत नाही तेव्हा रंगाची पट्टी कामाला येते, तेवढंच तिचं काम. पण तोच रंग मुलाच्या नावापुढे लिहून भिंतीवर लावला की त्याचा गुणानुक्रम होतो आणि मग ग्रीनवाली मुलं पण यलोतलं छान पुस्तक हातात घ्यायला लाजतात, नुकसान त्यांचंही होतंच. घरी पुस्तक निवडताना एक सोपी पद्धत वापरा, बऱ्याच शाळांत शिकवतात. मधलंच एक पान उघडायचं, मुलीने मोठ्याने वाचायचं, अडलेल्या शब्दाला एक बोट. पाच बोटं झाली तर पुस्तक सध्या जड आहे, बाजूला ठेवू किंवा आई वाचून दाखवेल. एक-दोन बोटांत पान संपलं तर घे. हे तिचं तिला करता येतं, कुणी रंग सांगायची गरज लागत नाही.

चार्टबद्दल तुम्ही विचारलंय की स्टारने मुलांना हुरूप येत नाही का. येतो, काही मुलांना सुरुवातीला नक्की येतो, विशेषतः ज्यांनी पुस्तकाला हातच लावलेला नसतो. पण एक जुना अमेरिकन प्रयोग आहे, १९७३ साली प्रसिद्ध झालेला, मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. बालवाडीतली मुलं, ज्यांना चित्रं काढायला आधीपासूनच आवडायचं. काहींना सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं तर ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत होती. न सांगता ज्यांना मिळालं त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे बक्षीस वाईट असं नाही, पण जे मूल आपणहून करतंय त्याला "हे केलंस तर ते मिळेल" असं बांधलं की आवड पातळ होऊ शकते. म्हणून किशोरला घरी स्टार लावायला जाऊ नका हं, प्लीज. ते जसं चाललंय तसं चालू दे.

आणि आता त्या किशोरवरच येते कारण तुमच्या पत्रातली माझ्यासाठी सगळ्यात मोठी बातमी ती आहे आणि तुम्ही ती "पण" लावून लिहिलीये. आठ वर्षांची मुलगी तासभर एका जागी बसून वाचते, आजोबांना प्रश्न विचारते, पुढचा अंक मागते, तर ताई, तुमची मुलगी वाचणारी मुलगी आहे. हा प्रश्न सुटलेला आहे. गोष्टीत पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं, न लिहिलेलं ओळखणं, एखादं पात्र असं का वागलं याचा विचार करणं, हे एका भाषेत जमलं की दुसऱ्या भाषेत पहिल्यापासून शिकावं लागत नाही, ते सोबत येतं. वेगळी शिकावी लागते ती अक्षरांची आणि उच्चारांची जोडी. आणि इथे इंग्लिश खरोखर अवघड आहे. देवनागरीत बहुतेक वेळा लिहिलंय तसं वाचलं की झालं. इंग्लिशमध्ये 'टफ' (tough), 'थ्रू' (through) आणि 'दो' (though) या तिन्ही शब्दांच्या शेवटी ओ-यू-जी-एच हीच चार अक्षरं येतात, आता बिचाऱ्या पोराने काय करायचं! त्यामुळे मराठीत सरसर वाचणारं मूल इंग्लिशमध्ये तिसरीत अडखळलं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, वेळ जास्त लागतो एवढंच.

तरी खात्री करून घ्यावी असं मला वाटतं, आणि त्यासाठी क्लासच्या आधी घरीच एक गोष्ट करून बघा. ती ज्या पुस्तकात अडकते तेच इंग्लिश पुस्तक रविवारी तुम्ही किंवा बाबांनी तिला वाचून दाखवायचं, ती फक्त ऐकणार, आणि मग गप्पा मारायच्या, मराठीत मारा चालेल, की काय झालं, कोण चुकलं, पुढे काय होईल. ऐकून तिला गोष्ट कळली आणि स्वतः वाचताना मात्र अडत असेल तर अडचण अक्षरं जोडून वाचण्याची आहे, त्यावर फोनिक्सची, म्हणजे अक्षर आणि त्याचा उच्चार जोडायची, रोज दहा मिनिटांची नीट प्रॅक्टिस लागते, जाडजूड पुस्तकं वाचायला लावून ते होत नाही. ऐकूनही कळत नसेल तर इंग्लिश शब्दच कमी पडतायत, तेव्हा फोनिक्सचा काही उपयोग नाही, तिला भरपूर इंग्लिश ऐकायला आणि बोलायला मिळालं पाहिजे. एक्स्ट्रा क्लासवाल्यांना हेच विचारा, तुम्ही यातलं नेमकं काय करणार. उत्तर "अजून वर्कशीट्स" असं असेल तर पैसे वाचवा.

हे वाचणाऱ्या बाकी पालकांसाठी पण एक सांगते. मूल मराठीतही, म्हणजे घरच्या भाषेतही अडखळत असेल, पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून देत असेल, ओळ सुटत असेल, वाचायला बसलं की डोकं दुखतं म्हणत असेल, तर आधी डोळे तपासा आणि मग लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी करून घ्या. मुंबईत सायन आणि नायरसारख्या महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये ती होते, नंबर लागायला वेळ जातो म्हणून "बघू पुढच्या वर्षी" करू नका. या ताईंच्या मुलीच्या वर्णनावरून मला तसं वाटत नाहीये, पण रविवारचा तो प्रयोग करून शंका राहिलीच तर विचारायला काय हरकत आहे.

तुम्ही लिहिलंय की माझे उच्चार चांगले नाहीत म्हणून मी तिला इंग्लिश वाचून दाखवत नाही. ताई, वाचून दाखवा. तिला टीचर शाळेत आहे, उच्चार तिथे दुरुस्त होतील, आणि एखादा शब्द तुम्हाला आला नाही तर दोघी मिळून मोबाईलवर ऐका, आईला पण शब्द अडतो आणि ती तो शोधते हे मुलीने बघणं चांगलंच आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर हजारो गोष्टी फुकट आहेत, २०१५ पासून चालू आहे ते, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी मराठीत पण आहेत आणि इंग्लिशमध्ये पण. तुमच्या घरासाठी हे फार उपयोगी आहे. आधी आजोबांबरोबर गोष्ट मराठीत वाचायची, मजा घ्यायची, आणि दोन-तीन दिवसांनी तीच गोष्ट आईबरोबर इंग्लिशमध्ये. गोष्ट माहीत असल्यामुळे अडलेला शब्द तिला आपोआप उमगतो आणि "मला इंग्लिश वाचता येतं" असं वाटायला लागतं, जे सध्या तिला बिलकुल वाटत नाहीये. रोज नको, आठवड्यातून दोनदा, रात्री साडेनऊला तर नकोच. किशोरचे जुने अंक संपले असतील तर बालभारतीने १९७१ पासूनचे अंक ऑनलाइन खुले केलेत, आजोबांना मोबाईल नको असेल तर मुलुंडहून एक स्टेशन पुढे ठाण्याला मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ सालापासूनचं, दोघं मिळून शनिवारी जाऊन येतील. मुलीला स्वतःचं पुस्तक स्वतः कपाटातून काढता येईल का, बालविभाग कधी उघडा असतो हे आधी फोन करून विचारा म्हणजे फेरी फुकट जायची नाही.

आता शाळा. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी समजू शकते, हायवेवर होर्डिंग बघितले की आपली शाळा म्हणजे तीन मजल्यांची बिल्डिंग आणि एक छोटं ग्राउंड हे टोचतं. पण थोडं शाळेच्या बाजूने पण बघा. छोट्या खाजगी शाळा सध्या फार दबावाखाली आहेत, पालक चौकशीला येतात ते पहिला प्रश्न रोबोटिक्सचा विचारतात, मग हेडमिस्ट्रेस काय करणार, बाहेरच्या एजन्सीला बोलावून बास्केट बनवतात. सासूबाई म्हणतात तसा नुसता धंदा असेलच असं नाही. आणि रीडिंग प्रोग्रॅम चालू करावासा वाटला हे मला तरी चांगलंच वाटतं, त्यांनी लेव्हल आणली, लॉग आणला, आता त्यात जीव आणायचं काम उरलंय आणि ते पालकांशिवाय होणार नाही.

छोट्या शाळेचा फायदा नेमका इथे आहे, तुम्ही हेडमिस्ट्रेसच्या केबिनमध्ये जाऊन बोलू शकता, मोठ्या शाळेत मेल टाकून उत्तराची वाट बघत बसावी लागते. जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, दोनच गोष्टी मागा. एक, लॉगमध्ये कुठल्याही भाषेतलं पुस्तक मोजलं जावं. यात अवघड काही नाही, २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहेच, मग मराठी वाचन मोजायला कसली अडचण. तुमच्या वर्गात गुजराती आणि तमिळ घरातली मुलं असणार, त्यांचंही मोजा म्हणावं. दुसरं, पंधरा दिवसांतून एकदा कुणाचे तरी आजी-आजोबा वर्गात येऊन गोष्ट वाचून दाखवतील, वीस मिनिटं, आपापल्या भाषेत. सुरुवात तुमच्या सासऱ्यांपासून. एक रुपया खर्च नाही आणि मुलुंडसारख्या ठिकाणी रिटायर्ड आजी-आजोबांना तोटा नाही. मुहूर्त हवा असेल तर १५ ऑक्टोबर आहे, डॉ. कलामांचा जन्मदिवस, २०१५ पासून आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन म्हणून करतात, शाळेला त्या दिवशी काहीतरी करायचंच असतं. चार्ट भिंतीवरून काढून प्रत्येकाच्या फाइलमध्ये ठेवा ही तिसरी गोष्ट पण मनात आहे माझ्या, पण ती पहिल्याच भेटीत नको, टीचरने स्वतः मेहनतीने बनवलेला असतो तो.

पैशांबद्दल एक गोष्ट पक्की विचारून घ्या. बास्केट खरंच ऐच्छिक आहे का? शाळेच्या वेळेत सगळ्यांना सक्तीची असेल तर ती रक्कम फीमध्येच धरायला हवी, आणि महाराष्ट्रात २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो, ज्यात प्रत्येक इयत्तेचा एक पालक असतो, चिठ्ठी टाकून निवडलेला. तुमच्या इयत्तेचं कोण आहे माहितीये का? नसेल तर शोधा, आणि पुढच्या वर्षी चिठ्ठीत स्वतःचं नाव टाका.

आणि तरीही शाळा बदलायचीच ठरली तर ब्रोशरमधल्या अ‍ॅक्टिव्हिटी मोजू नका. लायब्ररी दाखवा म्हणा. पुस्तकं कोरी करकरीत आहेत का वापरून मऊ पडलीयेत, कपाटाला कुलूप आहे का, पुस्तक घरी नेऊ देतात का, मुलं स्वतः निवडतात का टीचर हातात देते. इश्यू रजिस्टर मागून बघा, शेवटची नोंद कधीची आहे, तिथे खरं कळतं. आणि मग हेच सगळं आत्ताच्या शाळेतही बघा, तुलना बरोबरीची होऊ दे. बसचा वेळ पण धरा. आत्ता ती चालत दहा मिनिटांत घरी येते आणि तिची दुपार आजोबांबरोबर जाते, दूरच्या शाळेत हाच तास बसमध्ये जाईल आणि किशोर वाचायची वेळ संपेल, हे मिस्टरांना आकड्यात मांडून दाखवा, रोजचे किती तास. माझं मत विचाराल तर या वर्षी बदलू नका. हेडमिस्ट्रेसशी बोला, दिवाळीपर्यंत बघा. त्यांनी मराठी मोजायला पण नकार दिला, ऐकूनच घेतलं नाही, तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुसरीकडे चौकशी करायला वेळ आहे.

राहिला तो फॉर्म. तीन नको. रोबोटिक्समध्ये एका किटवर किती मुलं बसतात आणि मुलांना स्वतःचं काही बनवू देतात का नुसतं छापील स्टेप्सप्रमाणे जोडायचं, हे विचारा, चार मुलांत एक किट असेल तर तुमची मुलगी बहुतेक बघत बसेल. अबॅकसने हिशोब भराभर येतात पण गणितातला प्रश्न समजून घेणं त्याने येईलच असं नाही, आणि गणितात तिची तक्रार नाहीये असं तुम्हीच लिहिलंय, मग कशाला. ड्रामाबद्दल मला वाटतं विचार करावा कारण तिथे इंग्लिश बोलायला आणि ऐकायला मिळतं, ओळी पुन्हापुन्हा म्हणाव्या लागतात, आणि तिला ज्याची भीती बसलीये ते खेळता खेळता होतं. पण एक ट्रायल क्लास मागा, तिला बसू दे, आणि बाहेर आल्यावर "आवडलं का" न विचारता "काय केलंत" विचारा. भरभरून सांगायला लागली तर तेवढी एक टिक करा. नाही सांगितलं तर फॉर्म कोराच परत द्या, पुढच्या टर्मला परत येतोच तो.